चूल पेटायच्या आत

१९९४ साली नागोयाजवळच्या एका बागेत परदेशी घरं उभारायचं काम चाललं होतं. त्यातलं आयर्लंडच्या शेतकऱ्याचं घर बांधायला तिकडूनच पाड्रिग नावाचा म्हातारा गवंडी आला होता. त्या घराची मातीची जमीन राखायचं अर्धवेळ काम नागोयात राहणाऱ्या सुमेधाला मिळालं. मुलाखतीत तिने ‘येतं’ म्हणून ठोकून दिलं होतं. भारतीय बाई, हिला येणारच, असं मुकादम हिरानो-साननी धरलं. सुमेधाचा उभा जन्म कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर, मोझॅइक टाइल्सवर गेला होता.

घराच्या मात्र ती प्रेमात पडली. हातभर जाड दगडी भिंती, त्यांवर चुना. गवताचं छप्पर दोरांनी असं आवळलेलं, की समुद्रावरच्या वाऱ्यानेही हात टेकावेत. दार मधोमध आडवं कापलेलं: खालचं अर्धं कोंबड्यांना अडवायला, वरचं उजेडाला नि गप्पांना. दिवसा बसायचा बाक रात्री उघडला की पलंग. स्टुलांना पाय तीनच, कारण ओबडधोबड जमिनीवर चौथा पाय नुसती भांडणं लावतो.

अडलं ते जमिनीपाशी. शनिवारी पाड्रिग आयर्लंडला परतणार होता. तोवर माती बसली नाही तर हिरानो-सान सिमेंट ओतणार होते, आणि सिमेंटला राखणारी बाई लागत नाही. पाड्रिग म्हणाला, आमच्याकडे नव्या जमिनीवर शेजारीपाजारी बोलावून नाचवतात, ती आपसूक चोपली जाते. शुक्रवारी अठरा कामगार जमले. सुमेधाच्या तीन मैत्रिणींनी झिम्मा धरला. तासभर नाचून सगळे घामाघूम झाले, माती मात्र लोण्यासारखीच राहिली. तिच्यावर फक्त पायांची बोटं उमटली. सगळ्यांचे बूट दाराबाहेर ओळीने मांडलेले होते.

पाड्रिगने कपाळाला हात लावला आणि बूट घालून नाचा म्हणून सांगितलं. कोणी हललं नाही. घरात, आणि बूट? खरं तर सुमेधाचाही पाय उचलेना. पण सिमेंटचा मिक्सर अंगणात येऊन उभा होता.

“हिरानो-सान, चूल पेटलीय का?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग हे घर कसं? आमच्यात चूल पेटेपर्यंत ते नुसतं भिंती घातलेलं अंगण असतं.”

हा नियम तिने त्याच क्षणी जन्माला घातला होता. हिरानो-साननी चुलीत डोकं घालून राखसुद्धा नसल्याची खात्री केली, दिवसाच्या अहवालात ‘अंगण’ अशी दुरुस्ती केली आणि बूट चढवले. त्यांच्याइतकं वाईट कोणीच नाचलं नाही, त्यामुळे सगळ्यात जास्त जमीन त्यांनीच चोपली. संध्याकाळी पाड्रिगने टाच आपटून पाहिली, तर टाचच दुखली. मिक्सर परत गेला.

मग पाड्रिगने त्यांच्याकडे जाळतात तसं दलदलीतल्या वाळक्या मातीचं सरपण चुलीत रचून काडी ओढली. पहिला धूर दिसताच सगळी मंडळी एकमेकांना ढकलत दाराबाहेर पळाली, बूट काढायला.