कोड शिहाबच्या फोनवर येतो

उम्म शिहाबने लाइव्हच्या खात्यावर शेवटी स्वतःचं नाव लावलं, आणि त्या दिवशी इजिप्तमधल्या मन्सूरा शहरात त्या कारणाने कुणीही मेलं नाही. पण हे घडलंच नाही असं धरून चालू या. घरातले सगळे तसंच धरून चालतात, आपण कशाला मध्ये पडा.

तर, काहीही घडलेलं नाही. उम्म शिहाब, म्हणजे शिहाबची आई, रोज दुपारची अस्रची नमाज झाली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन साखरेच्या डब्याला टेकवते, लाइव्ह चालू करते आणि महशी वळायला बसते. उकडलेलं कोबीचं पान, त्यात मसाल्याचा भात, बोटाएवढी वळकटी, पातेल्यात. पुन्हा पान. एवढं बघायला एक्केचाळीस हजार माणसांनी नाव नोंदवलेलं आहे. वळता वळता ती सासू, नणंद, शेजारीण या विषयांवर निकाल देते, आणि तिच्या निकालावर अपील नसतं.

खातं चार वर्षांपूर्वी थोरल्या शिहाबनेच उघडून दिलं होतं. "तुला कुठं जमणार आई, कोडबिड येतात," असं म्हणून नंबर स्वतःचा टाकला. नाव उम्म शिहाब. दुसरं काय ठेवणार? तो जन्मला त्या दिवसापासून गल्लीत, दवाखान्यात, भाजीवाल्याकडे तिला तेच म्हणतात. तिचं स्वतःचं एक नाव होतं, पण ते ओळखपत्रावर असायचं आणि ओळखपत्र कपाटात.

मग शिहाबचं लग्न ठरलं. मुलीचे वडील इंजिनिअर. शिहाब बँकेतून आला तो टाय न सोडताच स्वयंपाकघरात उभा राहिला.

"आई, नाव बदलावं लागेल."

"कुणाचं?"

"खात्याचं. बँकेत मला महशी म्हणतात. काल मॅनेजर म्हणाला, ती फाईल आण, आणि येताना दोन वळून आण."

"मग न्यायच्या होत्यास की. डबा दिला असता."

"गंमत नाही ही. इंजिनिअर साहेबांनी विचारलं, माझ्या होणाऱ्या जावयाचं नाव कोबीवर कशाला?"

तिने सुरी खाली ठेवली. "बरं. तुझं काढते, माझं लावते. इफ्फत."

शिहाबने धावत जाऊन खिडकी लावली. "आई! हळू!"

त्याचंही बरोबर होतं म्हणा. आईचं नाव पोरांना कळू नये म्हणून शाळेत सहा वर्षं त्याने प्रगतिपुस्तकाचं पहिलं पान खळीने चिकटवून ठेवलं होतं. नाव कळलं की मधल्या सुट्टीत पोरं तेच घेऊन मागे लागतात. शिहाब आता बत्तीस वर्षांचा होता, पण त्याची मधली सुट्टी काही संपली नव्हती.

"म्हणजे तुझंही नको, माझंही नको," ती म्हणाली. "मग काय लावू? गॅसच्या टाकीचा नंबर?"

"मी बघतो काहीतरी सभ्य."

"त्याला बघू देऊ नकोस," आतून रबाब ओरडली. ही धाकटी, वकिलाकडे अर्ज टाईप करते. "त्याने मांजराचं नाव मांजर ठेवलं होतं."

दुसऱ्या दिवशी आई नमाजेला बसलेली असताना शिहाबने फोन उचलला आणि काम उरकलं. सभ्य नाव सापडलं होतं: आदर्श माता.

आता हे नाव दुसरीकडे कुठे खपलं असतं. पण इथे दर मार्चमध्ये सरकार जिल्ह्याजिल्ह्यातून आदर्श माता निवडतं. अर्ज असतो, चौकशी असते, प्रमाणपत्र असतं, साहेबांबरोबर फोटो असतो. ज्यांना ते मिळालं त्या ते भिंतीवर लावतात आणि ज्यांना नाही मिळालं त्या आयुष्यभर त्या भिंतीकडे बघतात. तिथे कुणी उठून आपणच आदर्श माता म्हणवून घेणं म्हणजे छातीवर पदक घालून दूध आणायला जाण्यासारखं.

इफ्फतला काहीच माहीत नव्हतं. ती पान पसरते आहे तोच खाली ओळी पळू लागल्या. कुठल्या साली मिळालं? प्रमाणपत्र क्रमांक सांगा. माझ्या आईने सात पोरं वाढवली, तिने कधी स्वतःला आदर्श म्हटलं नाही, आम्हीही नाही म्हटलं.

मग पडद्याच्या अर्ध्या भागात एक बाई उगवल्या. मांडीवर चौकट, चौकटीत प्रमाणपत्र.

"मी हाजा इन्शिराह, नदीपलीकडे तल्खाला असते. दोन हजार नऊ, जिल्ह्यात तिसरी. नवरा गेला, एका शिलाई मशीनवर पाच पोरं शिकवली. तुम्ही काय केलंत बाई? कोबी?"

"मी कधी म्हटलं मी आदर्श आहे?"

"वर लिहिलंय की."

इफ्फतने चष्मा नाकावर चढवून वर वाचलं. दोनदा वाचलं. हातातली वळकटी पातेल्यात ठेवली नाही, आपटली.

"शिहाब!"

शिहाब बनियनवर आला, हातात सूर्यफुलाच्या बियांची पुडी.

"हे काय आहे?"

"सभ्य आहे, आई."

"मला विचारलंस?"

"आई, लाइव्ह चालू आहे..."

"चालू दे! सहा हजार माणसं बघतायत, एवढे साक्षीदार कोर्टातही मिळत नाहीत. याच कोबीवर तुझा साखरपुड्याचा सूट शिवला, तेव्हा नाही त्याला वास आला? आता इंजिनिअर साहेबांच्या नाकाला येतो? बत्तीस वर्षं तुझ्या नावाने हाक आली की मी मान वळवते. आणि माझ्या नावाने कुणी हाक मारली तर मला वाटतं, मागे दुसरी कुणी बाई उभी आहे! रबाब, बदल ते."

रबाबने नियम वाचला. "एकदा बदललं की साठ दिवस हात लावता येत नाही. ओळखपत्रावरचंच नाव लावायचं असेल तर लगेच होतं. ओळखपत्राचा फोटो, आणि कोड."

कपाट उघडलं, फोटो गेला. शिहाबच्या खिशात टुण वाजलं. त्याने खिसा दोन्ही हातांनी दाबून धरला.

"नाही देणार."

"ए पोरा," फोनमधून आवाज आला. हाजा इन्शिराह अजून तिथेच होत्या. "आईला कोड दे."

"हाजा, हा आमचा घरचा प्रश्न आहे..."

"मी जिल्ह्यात तिसरी आहे. दे." त्यांनी प्रमाणपत्र कॅमेऱ्याला लावलं. खाली ओळी पळू लागल्या: दे, दे, दे, दे.

शिहाबने सहा आकडे वाचून दाखवले, शवागारात ओळख पटवावी तशा आवाजात. वर नाव आलं: इफ्फत अब्दुस्समद शर्नूबी. जसं ओळखपत्रावर तसं, बापाच्या नावासकट.

"आता ठीक," हाजा म्हणाल्या. "भातात शेपू कमी आहे," आणि गेल्या.

आणि इथून पुढे घरात असं काही घडलेलंच नाही. शिहाब जेवायला बसला की भिंतीला सांगतो, मीठ हवंय. इंजिनिअर साहेबांचा फोन आला तेव्हा दार लावून बोलला, पण ते दार कधीच नीट लागत नाही.

"नाही नाही, ती दुसरीच कुणी बाई आहे. चेहरा मिळतो जरासा... बनियनमधला? तो मी कसा असेन? मी घरीसुद्धा शर्ट घालतो."

इंजिनिअर साहेबांनी ते मान्य केलं. शिकलेला माणूस, लगेच पटलं.

मग काल तो स्वयंपाकघरात आला. शर्ट घालून.

"आई, उद्या ती मंडळी चहाला येतायत. कुणी विचारलंच तर... तू इफ्फतला ओळखत नाहीस."

तिने हातातलं पान संपूर्ण वळलं, कडा आत दुमडल्या, पातेल्यात नीट लावलं. हात धुतले, पुसले.

"रबाब," ती म्हणाली, "घे लिहून."

प्रति, नागरी नोंदणी कार्यालय, मन्सूरा. विषय: जन्मनोंदीत दुरुस्ती करणेबाबत. अर्जदार इफ्फत अब्दुस्समद शर्नूबी, ओळखपत्राची प्रत सोबत. महोदय, अर्जदाराच्या मुलाने अर्जदारास, अर्जदाराला न ओळखण्याची तोंडी सूचना दिलेली आहे. तरी विनंती की, सदर मुलाच्या दाखल्यातील आईचा रकाना रद्द करून तो कुणाच्याही मदतीशिवाय जन्मला अशी नोंद जन्मतारखेपासून घेण्यात यावी, तसेच त्या प्रसंगीच्या एकोणीस तासांच्या कळा अर्जदाराच्या नावावरून कमी करून त्याच्या नावावर वर्ग करण्यात याव्यात, व त्या त्याने प्रत्यक्ष हजर राहून सोसाव्यात, शक्यतो उद्या चहाच्या आधी.