कुलूपबाबांचे सात गुरुवार

टक्! असा आवाज झाला आणि तुरुंगाच्या फाटकासमोरच्या सगळ्या गर्दीनं हात जोडले. तांब्यातल्या गरम तीर्थात बुडवलेलं कुलूप किल्लीशिवाय उघडलं होतं.

"इथलं सुटलं, आतलंही सुटन!" कुलूपबाबा गरजले. "दर गुरुवारी एक कुलूप, असे सात गुरुवार. तोवर कोर्टाची पायरी चढाची नाही. कागदाले हात लावला, का माह्या मंत्राचं पानी झालं समजा!"

बाबा दर गुरुवारी आत कैद्यांसाठी भजन घेत. त्याला माझी ना नव्हती. कोंडलेल्या पोरांना तेवढाच एक तास मोकळा. पण बाहेर आले की भेटीला आलेल्या नातेवाइकांना ते झोळीतलं एकेक कुलूप वाटत आणि मग पाळीपाळीनं तीर्थात बुडवून उघडून दाखवत.

माझ्या शेजारणीचा, रंगूबाईचा, पोरगा जगदेव आत होता. भांडणाची केस. जामीन मंजूर होऊन बावीस दिवस झाले होते! काका भागवतनं जामीनदार म्हणून कोर्टात सही केली की पोरगा बाहेर. पण भागवत बाबांच्या शब्दाला बांधलेला. आज जाळीपलीकडून जगदेव आईला म्हणाला होता, "माय, मले आता इथं झोपच लागत नाही वो."

"तीनच गुरुवार राह्यले, वयनी," भागवत म्हणाला.

"मंग हे तीन तू बस आत," मी म्हटलं.

"बेबीताई, तुमचा इस्वासच नाही. आसेगावचा किशन सुटला का नाही?"

"त्याच्या सासऱ्यानं जामीन देल्ला म्हणून सुटला."

रंगूबाईनं एकदम पदर झटकला. पदरात बाबांनी दिलेलं आजचं कुलूप होतं, आणि त्यावर मुंग्यांची रांग.

"लोखंडाले मुंग्या काहून लागल्या, बाबा?" मी विचारलं.

"मुंग्यायलेही भक्ती समजते!"

मी अनसिंगला साखरेच्या गाठ्या करते. शाळा चौथीत सुटली, पण पाक मला कोणी शिकवू नये. कुलपाच्या भोकाला जीभ लावली. गोड! चहावाल्याकडून गरम पाण्याचा ग्लास घेतला आणि कुलूप त्यात सोडलं.

"अन् मंत्र?" कोणीतरी ओरडलं.

"चहावाल्याले येते का, पुसून पहा."

थोड्या वेळानं, टक्!

मी ते कुलूप सगळ्यांसमोर फिरवलं. आतला खटका काढलेला. कडी दाबून धरायची, आत कडक पाक ओतायचा. पाक थिजला की कुलूप बंद. गरम पाण्यात तो विरघळला की आतली स्प्रिंग कडीला वर ढकलते. झाला चमत्कार. मग मी माझ्या घराचं कुलूप पिशवीतून काढून बाबांपुढे धरलं.

"जिथं शंका, तिथं देव थांबत नाही," म्हणत बाबा झोळीसकट जीपमध्ये बसले.

भागवत ग्लासातल्या पाण्याकडे पाहत राहिला. मग त्यानं मोटारसायकल काढली. तो पोचेस्तोवर कोर्ट उठलं होतं. पुढं तीन दिवस सुट्टी.

जगदेव सोमवारी सुटला. कोर्टानं सोडायची तयारी दाखवल्यावरचे ते सव्वीस दिवस त्याला आम्हीच कोंडलं होतं.

तुमचं कोणी आत असेल, तर भजन म्हणा, नवस बोला. पण त्याआधी जामीनदाराला हाताला धरून कोर्टात न्या. वकील परवडत नसेल तर मोफत मिळतो, मागा. आणि कागदाला हात लावू नका असं कोणी सांगितलं, तर त्याला भर गर्दीत विचारा, "काहून?"