लाल रंगाचे पातेले

मित्रांनो, मी एक जुने तांब्याचे पातेले. तांबटाने मला घडवले ते वाटाण्याचे सूप शिजवायला, आणि वुपर नदीकाठी आडेलगुंडेबाईंच्या चुलीवर मी ते इमानाने शिजवलेही. पुढे त्यांचे यजमान एंगेलबर्ट यांनी डांबरापासून लाल रंग काढायचे मनावर घेतले आणि माझे सूप सुटले; माझ्यात सूत रंगू लागले.

"आज जेवायला लाल सूत का?" बाई विचारायच्या. मालक ढवळत राहायचे.

सूपाला विहिरीचे पाणी आणि रंगाला नदीचे, ही त्या गावची रीत. नदीच्या मऊ पाण्यावरच गाव पोसलेले, त्यामुळे त्याचा फार अभिमान. माझ्या पोटातून सूत मंजिष्ठेसारखे लालभडक निघू लागले, तेव्हा मालकांनी बाईंच्या माहेरची जमीन विकून कारखाना घातला. तिथे मसाला तोच, आच तीच, पण सूत विटकरी. गावच्या रिवाजाप्रमाणे ते हिरवळीवर उन्हात पसरले, की फिके पडायचे.

"तुझा रंग चर्चमधून घरी येईपर्यंत टिकतो," रंगारी ओव्हरबेक म्हणाले. "पुन्हा विटला, तर गावात कुणी घ्यायचं नाही."

मालक हटले नाहीत. घरी येऊन त्यांनी पुन्हा मला चुलीवर चढवले. सूत विटकरीच निघाले. मला तर रडू आले.

"ह्याला काय केलंस?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवत बाईंना विचारले.

"ईस्टर आलाय. व्हिनेगर लावून घासलं. विहिरीच्या पाण्याचा चुना बोटभर बसला होता आत. लाज वाटायची मला."

मालकांनी माझा तळ बोटाने चाचपला. "अगं, तोच तर माझा रंग धरत होता. आपल्या लाडक्या नदीत चुनाच नाही."

कारखान्याच्या पाण्यात त्यांनी चुन्यासाठी खडूची पूड टाकली. नवे सूत महिनाभर हिरवळीवर उन्हात पडून राहिले. ओव्हरबेकनी ते थुंकी लावून चोळले, मग साबणाने धुतले, आणि निमूटपणे गाडीभर रंग मागितला. बाईंची जमीन परत मिळाली नाही, पण घर उभे राहिले.

आता मालक बडे कारखानदार आहेत आणि मी त्यांच्या कचेरीत काचेच्या कपाटात. पाहुणे यायचे असले, की नोकर मला घासून लखलखीत करतो. मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा जरूर राखा. पण घासण्याआधी, त्यांच्या पोटात काय बसले आहे ते एकदा विचारा. मला तेव्हा कुणी विचारले नाही, आणि आता सांगायला आत काही उरलेले नाही.