एकटेपणाचे बारा प्रश्न

सकाळी देवापुढे हात जोडले की दुपारी बारापर्यंत खोटं बोलायचं नाही, हे माझं रोजचं व्रत. बारानंतर संसार असतो, आणि संसार नुसत्या खऱ्यावर चालत नाही हे देवालाही ठाऊक आहे.

आमची संस्था एकट्या म्हाताऱ्यांना सोबत पुरवते. दर मंगळवारी दहा ते बारा मी लिफ्टकाकांकडे जाते. काकांनी चाळीस वर्षं शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि आता राहतात पाचव्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत.

"या, व्रतबाई," दार उघडताना ते म्हणतात. "तुमचा देव एवढ्या उंचावर राहतो, त्याने तरी लिफ्ट बसवली का?"

"तो बोलावतो तेव्हा जिना लागत नाही," मी धापा टाकत म्हणते.

मग ते सगळ्या जगाला शिव्या घालतात, मी ऐकते. मग मी हळू आवाजात घरचं काहीबाही सांगते, ते ऐकतात. दोन तास कुठे जातात कळत नाही.

संस्था दर सहा महिन्यांनी फॉर्म भरून घेते. बारा प्रश्न, बारा गुण. सात किंवा जास्त पडले तर माणूस एकटा. कमी पडले तर तो बरा झाला; सोबत बंद, यादीतल्या पुढच्याचा नंबर. यंदा फॉर्म घेऊन संस्थेतल्या मोजणीबाई स्वतः येणार होत्या. माणसाकडे वजनकाट्यासारखं बघायची त्यांची रीत.

"बारापैकी बारा पाडतो," काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "तुमचा मंगळवार जाऊ देत नाही."

"माझा?"

"बरं, माझा. खूश?"

मोजणीबाई साडेअकराला आल्या. काका खुर्चीत असे बसले होते की चौघांनी येऊन उचलायचं तेवढं बाकी. भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर.

"जेवताना सोबत कुणी असतं?"

"भिंत."

"गेल्या आठवड्यात कुणी आपणहून आलं?"

"झुरळ."

सात गुण झाले. माझा जीव भांड्यात पडतोय तोच शेजारीण दार न वाजवता आत आली.

"काका, मिक्सर झाला का हो? आणि आज पत्ते तुमच्याकडेच ना? वरचे दोघं विचारत होते." मग तिला आम्ही दिसलो. "अगबाई, पाहुणे! काका, स्वेटर कशाला? ताप आलाय?"

"या बाईला वेड लागलंय," काका कण्हत म्हणाले.

"मला? काल पान कुणी लपवलं मांडीखाली?"

ती मिक्सर घेऊन गेली. मोजणीबाईंनी भरलेल्या ओळी खोडल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. यांच्याकडे रोज एवढी वर्दळ असते?"

भिंतीवर पावणेबारा. मी पाणी प्याले. चष्मा पुसला. पुन्हा पाणी प्याले. काकांना माझ्या व्रताची वेळ पाठ. ते टुणकन उठले, स्टुलावर चढले आणि घड्याळाचा काटा पुढे ढकलला.

"मागे पडतं मेलं. बारा वाजून गेले, व्रतबाई. बोला आता!"

मोजणीबाई त्या मरणोन्मुख माणसाकडे बघतच राहिल्या.

"देव तुमचं घड्याळ बघून चालत नाही, काका," मी म्हटलं. आणि सांगून टाकलं: येतात. रोज येतात. मिक्सर घेऊन, पत्ते घेऊन, नुसतेच बसायलाही.

"विकलंत मला!" काका स्टुलावरून म्हणाले.

मोजणीबाईंनी बेरीज केली. "दोन. अभिनंदन, तुम्ही एकटे नाही. पुढच्या मंगळवारपासून सोबत बंद."

मी पर्स उचलली, खाली ठेवली, परत उचलली. काकांनी ते पाहिलं.

"कोरा फॉर्म आहे आणखी?" त्यांनी विचारलं.

"आहे. का?"

"यांनाही विचारा. आत्ताच, बाराच्या आत. नंतर यांचा भरवसा नाही."

"काहीतरीच! माझं घर भरलेलं आहे," मी म्हटलं. तेही खरंच होतं.

मोजणीबाईंनी मात्र पेन उघडलं. "जेवताना सोबत कुणी असतं?"

"मुलगा, सून, नात. ते तिघं मोबाइल बघतात. मी त्यांना बघते."

"गेल्या आठवड्यात तुमचं बोलणं कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं?"

"हो."

"कुठे?"

"इथे. मंगळवारी."

काकांनी गुपचूप स्वेटर काढला. मला नऊ गुण पडले.

सोबत देणारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा नसावा, असं संस्थेच्या नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. काका दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले आणि शिकवणाऱ्यालाच चार गोष्टी शिकवून आले. आता मंगळवारी दहाच्या ठोक्याला ते गळ्यात ओळखपत्र अडकवून माझ्या दारात उभे असतात. "बाजूला व्हा, ड्यूटीवर आहे," असं सुनेला सांगून आत येतात आणि आधी देवाची चौकशी करतात. "काय, उठला का तुमचा साहेब?"

सून आधी नाक मुरडायची. मग दाराशी उभी राहून ऐकायला लागली. मग खुर्चीच घेऊन आली. नातीला पत्ते पिसता येतात आता. गेल्या मंगळवारी माझी एक जुनी गोष्ट चालू होती, तर दोघींपैकी कुणाच्याच हातात मोबाइल नव्हता.

मी धास्तावले आहे. पुढच्या महिन्यात माझा सहामाही फॉर्म. मोजणीबाईंचा फोन आला होता, सकाळी अकराला येऊ का म्हणून.

मी त्यांच्याकडून साडेबाराची वेळ मागून घेतली आहे.