धूर न दिसलेली सकाळ

निंबोल्याच्या बांधावर कपाशीच्या काड्यांचा ढीग.

लोधीपुऱ्यातल्या ओट्यावर अर्धवट घासलेले पातेले.

इंदूरहून आलेल्या बाईंचे पांढरे बूट.

स्कूटरचा एक गुळगुळीत टायर.

वाफ. ती दिसत नाही. दिसतात ते तिचे थेंब.

मित्रांनो, मी एक जुना बॉयलर आहे. वरच्या पाचही गोष्टी माझ्याच आहेत, फक्त अजून आपापल्या जागी बसलेल्या नाहीत.

माझे पोलाद वाकवले, पोटात नळ्या ओवल्या, पाण्याचा दाब देऊन तपासले आणि ट्रकवर घालून मला बुऱ्हाणपूरच्या या कारखान्यात आणले. इथे सुताला खळ लावतात, म्हणजे ते मागावर तुटत नाही. खळ शिजवायला आणि सूत वाळवायला वाफ लागते. ती मी देतो.

कामाच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. कोळसा, वाफ, राख. कोळसा, वाफ, राख. मधे दसरा: हळदकुंकू, नारळ, झेंडूची माळ. पुन्हा कोळसा.

मी जागचा हलत नाही, पण माझी चिमणी उंच आहे आणि तिला लोधीपुरा दिसतो. इथे कामाला येणाऱ्या तिथल्या बाया घड्याळ पाहून निघत नसत. ओट्यावर येऊन आभाळाकडे बघत. चिमणीतून काळा धूर निघाला की कारखाना चालू. धूर नाही म्हणजे सूत आले नाही किंवा वीज गेली, आज सुट्टी. कुणी कुणाला निरोप देत नसे. निरोप मीच होतो, आणि लोक माझ्या धुराचे कौतुक करत.

मग विदेशातल्या गिऱ्हाइकाने मालकांना, भूपेंद्रशेठना, कळवले की तुमच्या कारखान्याचा कार्बन निम्म्यावर आणा, नाहीतर तुमचा माल नको. सगळा हिशेब माझ्यापाशी येऊन थांबला, कारण कारखान्यात सर्वांत जास्त कार्बन मी सोडत होतो. ठरले ते असे. कोळशाऐवजी कपाशीच्या काड्या दाबून केलेल्या कांड्या जाळायच्या. या काड्या निंबोल्याचे शेतकरी एरवी बांधावरच पेटवून देतात. कपाशीने हवेतून घेतले तेच ती हवेला परत देते. कोळसा मात्र जमिनीत पुरलेले उकरून वर आणतो. पूर्ण दिवस काम चालवून कोळशाशिवाय वाफेचा दाब टिकला, तर मी राहणार. नाही टिकला तर सूत खळीसाठी सुरतेला जाणार, मी भंगारात आणि माझी भट्टी पेटवणारा भिकन घरी.

तपासणीसाठी इंदूरहून वैजयंतीबाई आल्या. भिकनने कांड्या रचल्या आणि मला पेटवले. मी इतका स्वच्छ कधी जळलो नव्हतो. चिमणीच्या तोंडाशी हवा जराशी थरथरत होती, बस.

दाब चढला. यंत्रे तयार होती. त्यांच्यावर माणूस एकही नव्हता.

"अरे भिकन, लोक किधर हैं?" भूपेंद्रशेठ ओरडले. "मॅडम बसून राहिल्या ना! सूतच चाललं नाही तर वाफ काय आरती ओवाळायला करतो का?"

भिकन दारापर्यंत गेला आणि परत आला. पेटलेला बॉयलर सोडून जाता येत नाही. त्याने वर, चिमणीकडे पाहिले. त्याला कळले. कोपऱ्यात तो टायर पडला होता. ओला कोळसा पेटेना की त्याचा तुकडा आत जायचा. भिकनने तो अख्खाच भट्टीत लोटला.

काळाकुट्ट धूर वर गेला. लोधीपुऱ्यात, कामावरच्या बायांपैकी मथुराबाईंनी हातातले पातेले तसेच टाकले आणि सगळ्या बाया धावत सुटल्या.

"काय रे भिकन, मेला होतास का?" मथुराबाई दारातूनच म्हणाल्या. "धूर नाही, म्हटलं सुट्टी. मी तर भांडे घासत बसली होती!"

वैजयंतीबाई अंगणात उभ्या होत्या. पांढऱ्या बुटांवर काजळी उतरली होती.

"दादा, आत काय टाकलं?"

"टायर, मॅडम."

"कशाला?"

"यांना बोलवायला."

त्या हसल्या नाहीत. "मग आजचा दिवस धरता येणार नाही. उद्या पुन्हा बघू. उद्याही असंच झालं, तर मात्र मी थांबणार नाही."

भिकन भट्टीपाशी परतला. बाया त्याच्याभोवती जमल्या.

"उद्या धूर नाही दिसला की समजायचं, चालू आहे," एकीने तोडगा काढला.

"अन् खरंच बंद असला तर?"

"तरी धूर नाही!"

"मग रोज येऊन बॉयलरला हात लावून बघायचा का?" मथुराबाई म्हणाल्या. दुसरा उपाय कुणालाच सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी चिमणीवर काही नव्हते. तरी बाया आल्या, कुरकुरत, अर्ध्या विश्वासाने. मथुराबाई पुढे झाल्या आणि माझ्या भट्टीच्या दारासमोर तळवा धरला.

"गरम आहे. चला गं."

सूत संध्याकाळपर्यंत चालले. दाब टिकला. वैजयंतीबाईंनी तसे लिहिले आणि बूट पुसून इंदूरला गेल्या. भिकनने माझ्या दाराला हात लावून तो कपाळाला लावला.

मित्रांनो, आता माझे कौतुक करायला कुणी आभाळाकडे बघत नाही. तक्रार नाही. एवढेच मागतो: काड्यांची राख कोळशाच्या राखेपेक्षा जास्त चिकटते, तेव्हा माझ्या नळ्या वेळच्या वेळी साफ करा, नाहीतर तेवढ्याच वाफेसाठी मला दुप्पट कांड्या जाळाव्या लागतील. आणि तुमच्या गावातल्या एखाद्या चिमणीतून धूर दिसला नाही, तरी आत काय जळते ते एकदा विचारा.

मला विचाराल, तर सांगतो: मला बसवले त्या जागी आधी चिंचेचे झाड होते, ते तोडले, आणि माझ्यातली पहिली आग त्याच्याच लाकडांची होती.