खंडाचा कागद

"पैसे दिसतात, पण ते कुठून येतात ते दिसत नाही," रुद्राणी मॅडम म्हणाल्या, आणि सौदामिनीबाईंच्या डोक्याचा पार भुगा झाला. आता बोला! सहा वर्षं झाली, दर पाडव्याला शेताच्या खंडाचे दोन लाख चाळीस हजार खात्यावर पडत होते, पासबुकात ठसठशीत छापलेले होते, आणि ही बाई म्हणते दिसत नाही. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. होते की तिथंच.

लातुरात एका कोचिंग क्लासच्या माडीवर रुद्राणी मॅडमचं हे व्हिसाचं ऑफिस. लेक मनस्विनी पोर्तुगालात. बाईंचे यजमान रेणुकादास मास्तर गेले तेव्हापासून तिचा एकच धोशा, आई, इकडं ये, कायमची ये. त्याला रिटायरमेंटचा व्हिसा लागतो, आणि म्हातारी तिथं जाऊन कुणापुढं हात पसरणार नाही याचा पुरावा लागतो. मास्तरांमागची पेन्शन आणि लोह्याजवळच्या बारा एकरांचा खंड मिळून रक्कम जेमतेम भरत होती. खंड गळाला की व्हिसा गेला, एवढं सरळ होतं. बाकी काहीच सरळ नव्हतं.

"खंड रोख भरलाय, आणि भरलाय तुमच्या दिरांनी," मॅडम समजावू लागल्या. "जो जमीन कसतो त्याच्याशी झालेला करार आणा. वर्षाला किती देतो ते लिहिलेलं, खाली त्याची सही."

करार म्हणे! अहो, आमच्याकडं खंडाचा कागद कोण करतं? कसणाऱ्याचं नाव कागदावर चढलं की उद्या तो कूळ म्हणून उभा राहील आणि जमीन हातची जाईल, ही धास्ती पणज्यापासूनची. तिकडचं सरकार म्हणतं लिहा, इकडची रीत म्हणते मेलात तरी लिहू नका. ऐकावं तरी कुणाचं? बाईंनी जिन्यातच थांबून दिराला फोन लावला.

"न्हाई वैनी, कागद न्हाई करायचा," दयानंद ठामपणे म्हणाला. "कूळ लागंल. आन् रामकिशनला भेटायची बी काय गरज न्हाई. मी हाय की."

मी हाय की! सहा वर्षं हेच ऐकत आल्या होत्या बिचाऱ्या. खंड मागायचा यानं, मोजायचा यानं, भरायचा यानं, आणि शेत कसणाऱ्या रामकिशनला भेटायचं म्हटलं की हा आडवा. कुठंतरी पाणी मुरतंय हे बाईंनी कधीच ओळखलं होतं. लेकीलाही सांगून टाकलं होतं, "तुझा काका मधल्या मधे खातोय बघ. रामकिशन तीन लाख देत असणार." गेल्या दिवाळीला दयानंद आला तर फराळाचा डबा फळीवरून खाली काढला नव्हता त्यांनी. चहावर बोळवण केली होती.

दुसऱ्या दिवशी दिराला न कळवता त्यांनी लोह्याची एसटी धरली. अहमदपूर मागं पडेपर्यंत त्यांच्या मनात नुसता कालवा चालला होता. चोरी उघडी पडली तर रक्कम वाढेल, व्हिसा पक्का होईल. पण मग मास्तरांच्या पाठच्या भावाला चोर म्हणावं लागेल, तेही कागदावर. बरं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं.

रामकिशन हरभऱ्याची रास करत होता. बाईंना बघून हातातलं सूप टाकून धावत आला. "या माय, या! मास्तर गेल्यावर पहिल्यांदाच पाय लागले तुमचे."

पाणीसुद्धा न पिता बाईंनी विचारलं, "रामकिशन, खरं सांगा, खंड किती देता वर्षाला?"

"दीड लाख, माय."

"दीड?"

"मास्तर गेले त्याच साली बोअर आटला की वो. एकच पीक निघतंय आता. दयानंद मालक म्हणले, झेपंल तेवढंच दे. तुमाला सांगितलं न्हाई का त्यांनी?"

बाई बांधावर बसल्या. दोन चाळीसातून दीड गेले, राहिले नव्वद हजार. त्यांनी बोटांवर दोनदा मोजलं, तरी नव्वदच. खात्यावर कमी भरलेले निघाले असते तर चोर सापडला असता. हे जास्तीचे निघाले, त्याला काय म्हणायचं? तिथूनच त्यांनी रुद्राणी मॅडमना फोन केला.

"वरचे नव्वद तुमच्या दिरांच्या पदरचे दिसतायत," मॅडम म्हणाल्या. "मग त्यांचं पत्र लागेल. नातं काय, पैसे का देता, परत मागणार का, पुढंही देणार का. त्यावर व्हिसा होईल की नाही ते तिकडचे ठरवतील, पण नुसत्या दीड लाखावर तुमची फाइल टिकायची नाही."

गावातल्या घरी दयानंद ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. वहिनी शेताकडून येताना दिसल्या आणि त्यानं मान खाली घातली.

"हे काय करून ठेवलंत भावजी?" बाई कडाडल्या. मग वहीचं पान फाडून त्याच्यापुढं टाकलं आणि चारही प्रश्न सांगितले.

त्यानं पेन घेतलं. नात्यापुढं दीर लिहिलं. परत मागणार का, न्हाई. पुढं देणार का, हाव. आणि तिथंच अडला. "का देता, असं इचारतेत व्हय? ह्याच्यात काय ल्ह्यायचं वैनी?" तो खरंच गोंधळला होता.

बाईंना रडूच फुटलं. "मी तुम्हाला चोर समजत होते हो. सहा वर्षं."

"ठाऊक हाय."

"ठाऊक हाय?"

"मनूनं इचारलं होतं ना फोनवर, काका, आईचा खंड पुरा देता ना म्हणून. तवाच कळलं."

"मग तेव्हाच सांगायचं होतं की! जिभेला काय झालं होतं तुमच्या?"

दयानंदनं एक शेंग फोडली, पण दाणे तसेच हातात ठेवले. "सांगून काय वैनी? चोराकडून हक्काचं म्हणून घेत होता तुमी. दीर पदरचं देऊन राहिलाय म्हणलं असतं, तर घेतलं असतं का?"

नसतं घेतलं. पैसे तोंडावर फेकून मारले असते, वर चार शब्द ऐकवले असते, आणि उरल्या पैशात ओढूनताणून दिवस काढले असते. बाईंना स्वतःचा स्वभाव चांगला माहीत होता. आता रागवावं कुणावर, तेही कळेना.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. कागद आपल्याकडं ओढला आणि रिकाम्या जागी आपल्या हातानं लिहिलं, 'आमच्या घरची आहे म्हणून.' मग कागद त्याच्यापुढं फिरवला.

"घेते, भावजी," त्या म्हणाल्या. "आता घेते. करा सही."