डावा हातमोजा, मुक्काम काशी

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे, आणि इटलीच्या सीमेचं मी बारा वर्षं रक्षण केलं आहे. सीमा म्हणजे आठ यार्ड लांबीची चुन्याची रेघ. तिच्यावर दोन खांब, डोक्यावर एक आडवा, मागे जाळी. चेंडू रेघेपलीकडे जाऊ द्यायचा नाही, एवढंच काम. हल्ली मी काशीला राजा घाटामागच्या गल्लीत, पद्माबाईंच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेला असतो आणि गॅसवरून भाताचं पातेलं उतरवतो. या कामात टाळ्या नाहीत, पण भात वाया जात नाही.

माझा जन्म इटलीच्या उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे मुख्यतः बागकामाचे मोजे बनायचे. मला आणि माझ्या उजव्या भावाला तळव्यावर टेबल टेनिसच्या बॅटीला असतं तसं दाणेदार रबर चिकटवण्यात आलं आणि आम्ही खेळाडू झालो. हे रबर पुढे सात वेळा बदललं. बोटांचं कापडही दोनदा नवं आलं. त्यामुळे बारा वर्षांचा पराक्रम सांगणारा मी नक्की कोण, असा प्रश्न मला अधूनमधून पडतो. उत्तर शोधण्याइतका उत्साह आता राहिलेला नाही.

आमचा मालक ओत्ताविओ ब्रेसानुत्ती. डोंगरातल्या गावचा, पाथरवटाचा मुलगा, उंच आणि संथ. ज्याला पळता येत नाही त्याला फुटबॉलच्या गोलात उभं करायचं, ही पद्धत आपल्याकडे आहे तशीच तिकडेही आहे. ओत्ताविओ असाच गोलात उभा राहिला आणि मग तिथून हललाच नाही. गावाच्या संघातून शहराच्या संघात गेला, तिथून देशाच्या. चारशे अकरा सामने खेळला. पावसात, बर्फात, लोकांनी फेकलेल्या संत्र्यांच्या साली झेलत. गोलरक्षकाचं आयुष्य बाहेरून रोमांचक वाटतं. आतून ते बरंचसं उभं राहणं असतं.

त्याचा नावलौकिक ज्या दिवशी झाला तो दिवस मे महिन्यातला, साल चौऱ्याहत्तर. हंगामाचा शेवटचा सामना होता. समोर वाल्दोरा नावाच्या गावाचा संघ. गाव एवढंच, की तिथे गाडी थांबते. सामना बरोबरीत सुटला तर ते वरच्या गटात राहणार होते, हरले तर खाली जाणार होते. आम्हाला जिंकलो काय, हरलो काय, सारखंच होतं. आम्ही एक-शून्यने पुढे होतो. शेवटच्या मिनिटाला त्यांच्या लिव्हिओने डोक्याने चेंडू मारला. तो आडव्या खांबाच्या खालच्या अंगाला लागून सरळ खाली पडला. ओत्ताविओने मागे झेप घेतली, मला पुढे केलं आणि चेंडू बाहेर ओढला.

मित्रांनो, चेंडू आत पडला होता. चांगला चार बोटं आत. रेघेचा चुना माझ्या मनगटाला लागला होता, बोटांना नव्हता. मुख्य पंच लांब होता आणि बाजूच्या पंचाच्या आड कोणीतरी उंच माणूस आला होता. पंचाने ओत्ताविओकडे पाहिलं. ओत्ताविओ काही बोलला नाही. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो आला. फोटोत मी ठळक आहे. रेघ खांबामागे गेली आहे. मग तो फोटो न्हाव्यांच्या दुकानांत लागला, कॅल्शियमच्या गोळ्यांच्या डब्यावर आला. दरवर्षी मे महिन्यात शहराचा संघ मोठं जेवण द्यायचा. जेवणानंतर ओत्ताविओने ती झेप रुमाल हातात धरून करून दाखवायची आणि सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवायच्या, असा प्रघात पडला. चारशे अकरा सामन्यांत त्याने खरोखर अडवलेले शेकडो गोल लोक विसरले. जो अडवलाच नव्हता तो तेवढा लक्षात राहिला. मला काचेच्या पेटीत टीव्हीवर ठेवलं गेलं. पेटीत हवा नसते. कौतुकाबद्दल माझी एवढीच तक्रार आहे.

पुढे ओत्ताविओचे गुडघे गेले, बायको गेली, केस गेले. मेमधलं जेवण राहिलं. दरवर्षी जेवणाच्या आदल्या दिवशी तो पेटी उघडून माझं मनगट बघायचा. चुना केव्हाच धुतला गेला होता. तरी तो बघायचा.

एकवीस वर्षांनी तो चौदा जणांच्या सहलीबरोबर भारतात आला. आम्हा दोघांना बॅगेत का घातलं, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. काशीत त्याचं पोट बिघडलं आणि सहल त्याला मागे ठेवून खजुराहोला निघून गेली. पुष्कळांच्या अध्यात्माची सुरुवात अशीच होते. पोट बरं झाल्यावरही तो राहिला. रेल्वेतून निवृत्त झालेले रत्नाकरराव आणि त्यांची पत्नी पद्माबाई घराची वरची खोली परदेशी पाहुण्यांना देत. सहा पिढ्या काशीत काढलेलं कुटुंब, मराठी फक्त घरातली. भाजीवाल्याशी, मोलकरणीशी आणि देवाशी हिंदी. रत्नाकररावांना ऑफिसातलं इंग्रजी येत होतं, ओत्ताविओला हॉटेलातलं. दोघांचं बरं जमलं. गोलरक्षक म्हणजे काय हे कळल्यावर रत्नाकरराव म्हणाले, "म्हणजे आमचा फाटकवाला. गाड्या नीट गेल्या तर कोणी नाव घेत नाही." ओत्ताविओला हे इतकं आवडलं की त्याने ते वहीत लिहून घेतलं.

एका सकाळी रत्नाकरराव त्याला दशाश्वमेध घाटावर घेऊन गेले. त्यांच्या घरचे पुरोहित ढुंढिराज गुरुजी सांगलीकडच्या काही मंडळींचे विधी उरकत होते. शेवटी गुरुजींनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, की काशीला आलात, आता काय सोडणार? काशीला आलं की आवडीची एक गोष्ट कायमची सोडायची, ही रीत. एकाने कारलं सोडलं. दुसऱ्याने पडवळ. सीताबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई भाबडेपणाने म्हणाल्या, "चहा." त्यांच्या दोन्ही सुनांचे चेहरे उतरले. चहा न घेतलेल्या सीताबाईंना घरी त्यांनाच सांभाळायचं होतं. बरीच कुजबुज झाली, गुरुजीही पडले मधे, आणि शेवटी सीताबाईंनी नवलकोल सोडला.

ओत्ताविओने विचारलं, की आवडीचं सोडायचं तर हे लोक भाज्या का सोडतात?

"त्यांना घरी जाऊन जगायचं असतं," रत्नाकरराव म्हणाले. आपण स्वतः तरुणपणी पडवळ सोडलं आहे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पडवळ ते आधीही खात नव्हते.

दुसऱ्या दिवशी ओत्ताविओने नाव केली, मधल्या धारेत गेला आणि आम्हा दोघांना गंगेत टाकलं. मला वाटलं, सुटलो. पण रबरामुळे आम्ही बुडेनात. नावाड्याने वल्ह्याने आम्हाला ओढून घेतलं आणि ओत्ताविओच्या मांडीवर ठेवलं. "गुरू, आपका गिर गया," तो म्हणाला. काशीत सगळेच एकमेकांना गुरू म्हणतात. ओत्ताविओने पुन्हा टाकलं. नावाड्याने पुन्हा काढलं. "फिर गिर गया, गुरू. बाँध के रखिए." तिसऱ्यांदा टाकायची ओत्ताविओला लाज वाटली. नावाड्याला बक्षिशी देऊन तो आम्हाला ओल्या पिशवीतून घरी घेऊन आला.

पद्माबाई अंगणात मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला साबणाने धुतलं, पिळलं आणि मग विचारलं, की हे काय आहे आणि गंगेत का गेलं होतं. रत्नाकररावांनी सांगितलं, भाऊंनी हे सोडलं. ओत्ताविओला घरात भाऊ म्हणत.

"विचारा त्यांना, हे त्यांच्या आवडीचं आहे, की तुमच्या पडवळासारखं?"

रत्नाकररावांनी भाषांतर करताना पडवळ गाळलं.

"पडवळही सांगा," पद्माबाई म्हणाल्या.

ओत्ताविओ पाटावर बसला. गुडघ्यांमुळे त्याला तिथे बसायला बराच वेळ लागला. बसल्यावर मात्र त्याने सगळं सांगितलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच. रत्नाकरराव आधी वाक्यागणिक मराठी करत होते. मग ते विसरले आणि स्वतःच प्रश्न विचारायला लागले.

"आत म्हणजे किती आत?"

ओत्ताविओने चार बोटं दाखवली.

"मग पंचाला सांगायचं ना," पद्माबाई म्हणाल्या.

"त्याने विचारलं नाही."

"आणि ते गाव?"

"खाली गेलं. परत वर आलं नाही."

"आणि ज्याने मारला तो?"

लिव्हिओला त्या वर्षी एक मोठा संघ घेणार होता, ओत्ताविओने सांगितलं. नंतर नाही घेतलं. आता तो त्याच गावात टायर विकतो. कधी भेटला नाही, कधी काही बोलला नाही. दरवर्षी टाळ्या वाजत असताना आपल्याला तो दाराशी उभा दिसतो, असं ओत्ताविओ म्हणाला. तो तिथे नसतो.

पद्माबाईंनी एक शेंग सोलली, एक किडका दाणा बाजूला टाकला.

"भाऊ, हे मोजे तर तुम्हाला नकोच आहेत. नको ते टाकायला काशीपर्यंत यावं लागत नाही. उकिरडा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. आवडतं काय, ते सांगा."

रत्नाकररावांनी या वेळी काही गाळलं नाही. ओत्ताविओने आपल्या तळव्यांकडे पाहिलं.

"त्या जेवणाला सगळे उठून उभे राहतात," तो म्हणाला. "ते."

"मग ते सोडा," पद्माबाई म्हणाल्या आणि मटाराचं पातेलं घेऊन आत गेल्या.

ओत्ताविओने दोन पत्रं लिहिली. एक शहराच्या संघाला : तो गोल होता, यापुढे मी जेवणाला येणार नाही. हे तासाभरात झालं. दुसरं लिव्हिओला. त्याला आठ दिवस लागले. रोज लिहायचा, रोज फाडायचा. शेवटचं पत्र पाच पानांचं झालं. त्याने ते रत्नाकररावांना वाचून दाखवलं. रत्नाकररावांना इटालियन येत नव्हतं, पण त्यांनी शेवटपर्यंत मान हलवली. मग दोघं चालत जाऊन ते रजिस्टर करून आले.

शहराच्या संघाचं उत्तर पाच आठवड्यांनी आलं. पत्र मिळालं, विनोद आवडला, असं त्यात होतं. जेवणात मासा हवा की मांस, ते कळवावं.

लिव्हिओचं उत्तर मात्र येईना. गल्लीला सगळं कळलं होतंच. ढुंढिराज गुरुजी घाटावरून येता-जाता विचारायचे, "काय गुरू, टायरवाल्याचं काही?" ओत्ताविओ मान हलवायचा. पोस्टमन गल्लीत शिरला की हा खाली यायचा, गुडघे सांभाळत, आणि पोस्टमन शेजारच्या घरी वळला की परत वर जायचा. तो जेवेनासा झाला. पद्माबाईंनी मटाराची उसळ, मटारभात, पोह्यांचा चुडा-मटर असं सगळं करून पाहिलं. टायरवाला माफ करेल की शिव्या देईल, यावर घरात मतभेद होते. ओत्ताविओचं म्हणणं एवढंच होतं, की शिव्या दिल्या तर बरं होईल.

याच दिवसांत माझा उजवा भाऊ गेला. गच्चीवर वाळत असताना माकडाने नेला. त्या गोलात त्याचा काहीच हात नव्हता, तो दुसऱ्या खांबाच्या दिशेला होता. मी मात्र राहिलो.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काही शिकवण सांगायची असते. मी ती इथेच सांगून टाकतो, कारण शेवटी पत्र येणार आहे. पहिली गोष्ट, आम्हाला काचेच्या पेटीत ठेवू नका. वापरा, धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हाने रबर तडकतं. दुसरी गोष्ट, एखाद्याने काही अडवलं म्हणून टाळ्या वाजवायच्या असतील, तर आधी त्याला विचारा. विचारलं असतं तर ओत्ताविओने त्याच दिवशी सांगितलं असतं, असं मला वाटतं. खात्री नाही. मी फक्त त्याचा हात ओळखतो. पुढे तो जाताना मला इथेच ठेवून गेला. काशीत सोडलेलं परत नेत नाहीत, असं तो पद्माबाईंना म्हणाला, आणि त्यांनी माझ्यासाठी खिळा ठोकला. वापर चालू आहे, त्याबद्दल तक्रार नाही. दमलो आहे, एवढंच.

पत्र आलं ते मार्चमध्ये, दुपारी. जाड पाकीट नव्हतं. ओत्ताविओने ते जिन्यातच फोडलं, वाचलं आणि पायरीवर बसला. रत्नाकरराव आणि पद्माबाई खाली उभे होते. गल्लीतले दोघेतिघे दारात आले.

"काय म्हणतो?" पद्माबाईंनी शेवटी विचारलं.

एव्हाना ओत्ताविओला थोडी हिंदी यायला लागली होती. लिव्हिओने एवढंच लिहिलं होतं, ते त्याने हिंदीत सांगितलं, सावकाश, एकेक शब्द जोडत : मला माहीत होतं. मी सहा फुटांवर उभा होतो. मैदानावर सगळ्यांनाच माहीत होतं.

"बस? आणखी काही नाही?"

ओत्ताविओने कागद उलटा करून पाहिला, मग सुलटा केला.

"खाली छापलेलं आहे," तो म्हणाला. "दुकान सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. रविवारी बंद."